कार्यालयातली यादी आणि खिशातला फोन

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



विषयपत्रिकेवर आमच्या नावापुढे ‘संपर्क यादी व तारखा’ एवढेच लिहिले आहे. ते वाचून मागच्या रांगेतली दोघे-तिघे चहाला उठले, हे आम्ही इथून पाहिले. त्यांचा दोष नाही. भाव, कर्ज, वीज, आयात हे विषय सोडून फोन नंबरांवर भाषण ऐकायला कोण बसेल? आम्हालाही गेल्या हंगामापर्यंत असेच वाटत होते. नंबर काय, कुठेतरी लिहिलेले असतात, लागले की सापडतात. ते सापडले नाहीत म्हणून एका घराचे जवळजवळ दहा हजार रुपये गेले, तेव्हा आमचे डोळे उघडले. ती गोष्ट आधी सांगतो. त्यात चूक आमची आहे, सीसीआयची नाही आणि सरकारचीही नाही. अशी संधी आपल्या व्यासपीठावर क्वचित येते, तेव्हा नीट ऐका.

२०२५ च्या हंगामात सीसीआयने हमीभावाच्या कापूस खरेदीसाठी ‘कपास किसान’ नावाचे ॲप आणले. आधी नोंदणी करायची, मग केंद्रावर माल नेण्याचा दिवस, म्हणजे स्लॉट, बुक करायचा. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. ज्यांच्याकडे धड फोन नाही त्यांची नोंदणी आपल्या कार्यालयात करून द्यायची, असे आपण ठरवले आणि ते काम पोरांनी मन लावून केले. कोणाचा स्लॉट कोणत्या दिवशी, हे कार्यालयातल्या संगणकाच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवले. आदल्या दिवशी त्या गावच्या कार्यकर्त्याच्या फोनवर आठवण वाजेल आणि तो त्या घरी जाऊन सांगेल, अशी योजना होती. योजना उत्तमच होती. कागदावर आपल्या सगळ्याच योजना उत्तम असतात.

एका ताईंचा स्लॉट नोव्हेंबरात होता. मालक दोन वर्षांपूर्वी वारले. सातबारा त्यांच्या नावावर झाला, नोंदणीही त्यांच्याच नावाने झाली, पण ॲपवर नंबर दिला तो पुण्यात कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या मुलाचा. गावच्या कार्यकर्त्याच्या फोनवर आठवण वाजलीच नाही. दुपारी कार्यालयातल्या पोराच्या लक्षात आले, की आज त्या गावची गाडी केंद्रावर दिसत नाही. त्याने ताईंचे नाव संगणकात शोधले. सापडले नाही. आडनावाने शोधले, तर नऊ जण निघाले. त्यांचा नंबर आमच्या यादीत होता, पण वारलेल्या मालकाच्या नावाने होता. संध्याकाळी कोणाच्या तरी ध्यानात आले, फोन लावला, तोवर केंद्राची वेळ संपली होती. पुढचा स्लॉट कधी मिळेल याचा भरवसा नव्हता आणि उधारीवाला दारात उभा होता. ताईंनी अकरा क्विंटल कापूस गावातच व्यापाऱ्याला घातला. क्विंटलमागे नऊशे रुपये कमी मिळाले. हिशेब तुम्हीच करा. अशी त्या पंधरवड्यात एकूण तीन घरे झाली.

नंतर आम्ही दोन रात्री त्या संगणकापुढे बसलो. आम्ही शेतकी शिकलेलो, संगणकातले तज्ज्ञ नाही. पण रोगाचे कारण शोधायची एक पद्धत असते. पान पिवळे पडले म्हणून लगेच युरिया टाकायचा नसतो. मुळाशी पाणी साचले आहे का, हे आधी बघायचे असते. तसे बघत गेलो तेव्हा जे सापडले ते आज सांगतो.

आधी ‘सिंक’ हा शब्द समजून घेऊ. पोरे दिवसातून दहा वेळा म्हणतात, ‘भाऊ, सिंक झालं नाही.’ म्हणजे काय? तुम्हाला सातबारा माहीत आहे. एक नोंद तलाठ्याकडे, एक नक्कल सोसायटीत, एक तुमच्या ट्रंकेत. वाटणी झाली, फेरफार पडला, तलाठ्याकडे नोंद बदलली. तुमच्या ट्रंकेतली नक्कल बदलली का? नाही. ती त्या तारखेची नक्कल आहे, तिथेच थांबली. सोसायटी तुम्हाला नवी नक्कल आणायला लावते ती त्यासाठीच. सिंक म्हणजे असे, की फेरफार कुठेही पडो, तो तिन्ही ठिकाणी आपोआप चढला पाहिजे. तलाठ्याकडे चढला तर ट्रंकेतल्या कागदावरही चढला पाहिजे, आणि उलटही. नक्कल वेगळी आणि मेळ वेगळा. आपले कार्यालय वर्षानुवर्षे नकला काढत होते आणि मेळ आहे असे समजत होते.

ही काही आजची गरज नाही. अमेरिकेत १९९६ साली पाम पायलट नावाची खिशात मावणारी डायरी निघाली. ती संगणकाला जोडलेल्या एका लहानशा बैठकीत ठेवायची आणि बटण दाबायचे, की पत्ते आणि तारखा दोन्हीकडे सारख्या होत. आता वायर गेली. मधे एक खाते असते, कोणत्या तरी कंपनीच्या मोठ्या संगणकावर. तुमचा फोन त्या खात्याशी मेळ घालतो, कार्यालयातला संगणकही त्याच खात्याशी मेळ घालतो. दोघे एकमेकांशी थेट बोलत नाहीत. दोघांचा तलाठी एकच, असे समजा. त्यासाठी सर्वांना खुल्या असलेल्या दोन पद्धती आहेत. तारखांसाठी कॅलडॅव्ह, ती २००७ सालची, आणि पत्त्यांसाठी कार्डडॅव्ह, ती २०११ ची. नावे विसरलात तरी चालेल. लक्षात एवढेच ठेवा, की ज्या प्रोग्रामला या दोन भाषा येतात त्याला कंपनी बदलली तरी काम करता येते.

आता आमची चूक कुठे झाली ते पाहा. कार्यालयात आम्ही थंडरबर्ड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरतो. पोराने नवे कॅलेंडर तयार करताना त्याने विचारले, कॅलेंडर कुठे ठेवू, या संगणकावर की नेटवर्कवर? पोराला वाटले, संगणकातच लिहायचे आहे तर संगणकावरच ठेवू. त्याने पहिल्या पर्यायावर टिचकी मारली. झाले! दीडशेच्या वर तारखा त्या एका डब्यात बंद. त्या कोणत्याही खात्यात गेल्या नाहीत आणि कोणाच्याही फोनवर येण्याचा प्रश्नच नव्हता. संगणकाने कुठलीही चूक दाखवली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. त्याला जे सांगितले ते त्याने केले.

फोनवरही हीच गोम आहे आणि ती तुमच्या सगळ्यांच्या खिशात आहे. नवा नंबर साठवताना फोन विचारतो, कुठे साठवू? सिम, फोन, की गुगल खाते? बहुतेक फोन हे पहिल्यांदाच विचारतात आणि मग तीच सवय कायम धरतात. सिमवर साठवलेला नंबर सिमवरच राहतो. सिममध्ये जागा साधारण अडीचशे नावांची आणि नावही आखूडच मावते. फोनवर साठवलेला नंबर फोन विहिरीत पडला की विहिरीत जातो. खात्यात साठवलेला तेवढा दुसऱ्या फोनवर परत येतो. आत्ता हात वर करा, आपले नंबर कुठे साठतात हे किती जणांना ठाऊक आहे? ... सात. साठ-सत्तर माणसांत सात. बरे झाले विचारले.

आता त्या खात्याविषयी. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते, म्हणून थोडा वेळ घेतो.

तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात फोन घेतलात. दुकानदार म्हणाला, काका, जीमेल काढून देतो. त्याने काढून दिले. पासवर्ड काय टाकला? तो त्याने टाकला. कुठे लिहून दिला का? नाही. बहुतेक सगळ्यांना एकच ठरलेला टाकतो, म्हणजे त्याला लक्षात ठेवायला सोपे. मग दोन वर्षांनी फोन फुटला. नवा फोन घेतला, तो दुसऱ्या दुकानात. त्याने दुसरे खाते काढले. जुने नंबर जुन्या खात्यात सुखरूप आहेत, पण त्याच्या कुलपाची किल्ली तुमच्याकडे नाही. आमच्या तेवीस कार्यकर्त्यांची खाती तपासली तेव्हा चौदा जणांना स्वतःचा पासवर्ड माहीत नव्हता. सहा जणांच्या फोनवर दोन-दोन, तीन-तीन खाती होती आणि नंबर तिन्हींत विखुरलेले. एका भावाचे खाते त्याच्या मेहुण्याच्या नावाने निघाले. मेहुण्याशी बोलणे बंद आहे.

दागिने सावकाराच्या तिजोरीत ठेवताना आपण पावती घेतो. इथे आयुष्यभराच्या ओळखी ठेवल्या आणि पावती घेतली नाही. गुगलचा एक नियमही ऐकून ठेवा. खाते सलग दोन वर्षे वापरलेच नाही तर ते पुसून टाकण्याचा अधिकार कंपनी आपल्याकडे ठेवते, आणि डिसेंबर २०२३ पासून तशी कारवाई सुरू झाली. जुने विसरलेले खाते असेल तर आजच त्यात एकदा शिरून या.

कार्यालयाच्या खात्यासाठी आम्ही असे केले. पासवर्ड मोठा ठेवला, तो दोघांनाच माहीत. खात्याला दुहेरी कुलूप लावले, म्हणजे पासवर्डशिवाय फोनवरची खूणही लागते. त्यासोबत गुगल दहा आकड्यांचा संच देते. प्रत्येक आकडा आठ अंकी, प्रत्येक एकदाच चालतो. फोन हरवला तर त्यातला एक वापरून आत जाता येते. तो कागद छापून शिक्क्यांच्या कपाटात ठेवला आहे. कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे तो हरवणार नाही.

आता यादीकडे येऊ. यादी मेळाला लावण्याआधी ती धड असावी लागते. खराब सरकी पेरून उगवण नीट होत नाही. आपल्या कार्यालयात जुनी यादी होती, जवळजवळ दोन हजार नावांची, वीस वर्षांत वेगवेगळ्या हातांनी टाइप केलेली. ती फोनवर चढवली तर नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरे दिसायला लागली. पोरे म्हणाली, व्हायरस शिरला. व्हायरस नव्हता. जुन्या काळी आपण मराठी टाइप करायचो ते कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा टंकांत. त्या टंकांत संगणकाच्या पोटात मराठी अक्षर जातच नाही. कृतिदेवमध्ये ‘कमल’ टाइप केले की आत डी, ई, वाय अशी तीन इंग्रजी अक्षरे बसतात. वरून त्यांना फक्त मराठी अंगरखा घातलेला असतो. फोनवर तो अंगरखा नाही, मग खाली काय आहे ते दिसते. उपाय एकच, सगळी नावे युनिकोडमध्ये बदलून घेणे. बदलून देणारे प्रोग्राम मिळतात, पण जोडाक्षरांत ते अडखळतात. शेवटी दोन मुलींनी सुट्टीतले आठ दिवस बसून एकेक नाव वाचून दुरुस्त केले. त्यांचे आभार इथे मानतो, कारण ते काम कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी गंमत एक्सेलची. नंबरापुढे देशाचा आकडा ९१ लावला की बारा अंक होतात. एक्सेलला वाटते, ही मोठी रक्कम आहे. तो ती आखडून दाखवतो, नऊ पूर्णांक एकोणीस शतांश आणि पुढे इंग्रजी ई अधिक अकरा, असे काहीतरी. दिसते तोवर हरकत नाही, आत नंबर शाबूत असतो. पण तशीच फाइल सीएसव्ही म्हणून साठवली की जे दिसते तेच साठते. मागचे अंक कायमचे गेले. आमचे दोनशे नंबर असे गेले आणि ते गावोगाव फिरून परत गोळा करावे लागले. म्हणून आधी त्या रकान्याला ‘मजकूर’ असे रूप द्यायचे आणि मगच नंबर भरायचे. साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायचे. नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते.

तिसरी गोष्ट नावाची. शहरातल्या माणसाने बनवलेला हा प्रोग्राम. त्याच्या समजुतीने माणसाला एक पहिले नाव, एक आडनाव आणि एक फोन असतो. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे चार जण असतात. फोन तर घराचा असतो, माणसाचा नसतोच. प्रोग्राम आपला मदत करायला येतो आणि म्हणतो, ही दोन नावे सारखी दिसतात, एक करू का? आमच्या पोराने ‘सगळी एक करा’ म्हटले आणि दोन गावांचे दोन वेगळे शेतकरी एक झाले. एकाचा निरोप दुसऱ्याला जाऊ लागला. म्हणून एकेक जोडी बघूनच हो म्हणायचे.

आम्ही आता नाव असे लिहितो: आधी गाव, मग सातबाऱ्यावर असेल तेच नाव, मग फोन कोणाजवळ असतो ते. गाव पुढे असल्याने यादी गाववार लागते आणि बैठकीच्या आधी त्या गावची नावे एका जागी सापडतात. फोन मुलाचा असेल तर ‘मुलगा, पुणे’ असे शेजारी लिहायचे. आणि बाईच्या नावावर जमीन असेल तर नोंद बाईच्या नावाने करायची. यादी तपासली तेव्हा कितीतरी नोंदी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशा निघाल्या. ज्या बाईने कापूस वेचला, ज्वारी खुडली, सोसायटीत अंगठा दिला, तिला आपल्याच संघटनेच्या यादीत नाव नाही! ज्या ताईंची गोष्ट सुरुवातीला सांगितली त्यांच्याकडे आम्ही जाऊन आलो. त्यांच्यासमोरच नोंद बदलली. मालकाचे नाव काढून टाकू का, असे विचारले. त्या म्हणाल्या, ‘राहू द्या बाजूला. फोन आला की त्यांचं नाव दिसत होतं.’ तेव्हा टिपणाच्या जागेत ते ठेवले आहे.

आता जरा धोक्याचे बोलू. मेळ दोन्ही बाजूंनी चालतो म्हणालो. म्हणजे पुसलेलेही दोन्हीकडे पुसले जाते. आपल्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या फोनची मेमरी भरली. व्हिडिओ पुसायचे तर जीव होईना, म्हणून त्याने ‘नको असलेले’ चारशे नंबर पुसले. नंबरांनी जागा अडत नाही. हजार नंबर मिळून एका फोटोएवढेही होत नसतील. पण त्याला ते कोणी सांगितले नव्हते. त्याच्या फोनवर कार्यालयाचे खाते होते. संध्याकाळपर्यंत कार्यालयातूनही त्या चारशे नावांचा ठावठिकाणा गेला. नशीब, की गुगलच्या यादीत पुसलेले नाव तीस दिवस कचरापेटीत राहते, आणि अख्खी यादी तीस दिवसांच्या आतल्या एखाद्या वेळेला होती तशी मागेही नेता येते. एकतिसाव्या दिवशी कळले असते तर हात चोळत बसलो असतो.

यावर एक भाऊ म्हणाले, मग प्रत्येकाला अख्खी यादी देताच कशाला? बरोबर प्रश्न आहे, आणि त्याचा संबंध फक्त पुसण्याशी नाही. दोन हजार शेतकऱ्यांचे नंबर, गाव आणि कोणाकडे किती कापूस हे ज्याच्या खिशात, त्याच्याकडे निवडणुकीत कोण कोण येईल, बियाण्याच्या कंपनीचा माणूस किती वेळा चहा पाजेल, याचा विचार करा. लोकांनी नंबर आपल्याला दिला तो बैठकीच्या निरोपासाठी. तो दुसऱ्या कोणाला द्यायचा अधिकार त्यांनी आपल्याला दिलेला नाही. म्हणून आता अख्खी यादी फक्त कार्यालयाच्या खात्यात राहील. ते खाते कार्यालयातल्या संगणकावर आणि दोनच फोनवर असेल. गावच्या कार्यकर्त्याला त्याच्या गावांची यादी व्हीसीएफ फाइल करून पाठवली जाईल. ती त्याने आपल्या खात्यात चढवायची. ती नक्कल असेल, मेळ नसेल, हे आम्हाला मान्य आहे. तिच्यात बदल झाला तर त्याने महिन्याच्या बैठकीत सांगायचा. थोडे गैरसोयीचे आहे. पण इथे गैरसोय परवडते.

तारखांचे उलट आहे. तारखा सगळ्यांना दिसल्या पाहिजेत. कॅलेंडर खात्यात ठेवून ते प्रत्येक कार्यकर्त्याला ‘फक्त पाहण्यापुरते’ खुले केले आहे. बदल कार्यालयातूनच होईल. हे केले तरी पहिल्या आठवड्यात फक्त पाच जणांच्या फोनवर तारखा आल्या. बाकीचे कुठे अडले? कॅलेंडर खुले केले की त्या माणसाला ईमेल जातो आणि त्यातली लिंक दाबल्याशिवाय कॅलेंडर त्याच्याकडे लागत नाही. आमच्या कार्यकर्त्यांनी आयुष्यात ईमेल उघडला नव्हता! एकाच्या डब्यात सहा हजार न वाचलेली पत्रे होती. मग प्रत्येकाला शेजारी बसवून लिंक दाबून घेतली.

आणखी एक फजिती सांगून टाकतो. कार्यालयात जुना वापरलेला संगणक आणला. त्यात सकाळी दहाची बैठक नोंदवली, ती सगळ्यांच्या फोनवर रात्री साडेअकराला वाजली. एक-दोघांना तर वाटले, पोलिसांना चुकवून गुप्त बैठक घ्यायची असेल. त्या संगणकाचे घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर लावलेले होते. तिथे हिवाळ्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा असतात. ते दुरुस्त केले, तर पंधरा दिवसांनी मेळच बंद पडला. कारण संगणकातली घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. लोडशेडिंग होऊन वीज परत आली, की संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जायची. तारीख चुकली की खात्याचा संगणक आपल्याला आत घेत नाही. ओळखपत्राची मुदत जुळत नाही म्हणतो. किरकोळ रकमेची बॅटरी बदलली आणि काम सुरू झाले. मेळ बंद पडला तर पहिल्यांदा कोपऱ्यातले घड्याळ बघा, मग बाकीचे.

फोनवरही दोन ठिकाणी बघावे लागते. डेटा वाचवायला म्हणून कोणीतरी ‘ऑटो सिंक’ बंद करून ठेवलेले असते. आणि काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी कामे स्वतःच झोपवतात. त्यातून कॅलेंडरला वगळावे लागते. रेंजची चिंता करू नका. आपल्या कित्येक गावांत रेंज देवळाच्या पाराशीच येते. तारीख एकदा फोनवर उतरली की रेंज नसली तरी ती वाजते, आणि रेंज नसताना लिहिलेली नोंद पाराशी गेल्यावर आपोआप वर चढते. फक्त दिवसातून एकदा पारावर जात जा. तसेही जाताच.

कॅलेंडर हाताशी आले तेव्हा आमच्यातला शेतकी पदवीधर गप्प बसेना. बैठकांच्या तारखांशेजारी दुसरे कॅलेंडर उघडले, पिकाचे. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ नर पतंग पडले तर फवारणीचा विचार करा, हे तुम्ही शंभर वेळा ऐकले आहे. पण सापळे लावायचे लागवडीनंतर पंचेचाळीस दिवसांनी, तो दिवस कोणता? पंधरा जूनची लागवड असेल तर तीस जुलै. पाऊस लांबला, लागवड दहा जुलैला झाली, तर चोवीस ऑगस्ट. विद्यापीठाचे दिनदर्शक सगळ्यांसाठी एकच छापले जाते. पाऊस मात्र प्रत्येक गावाला वेगळा पडतो. म्हणून यंदा प्रत्येक गावाने आपली लागवडीची तारीख कार्यालयाला कळवायची. पंचेचाळिसावा दिवस आणि त्यापुढचे दर तीन दिवसांचे पतंग मोजणे आम्ही त्या गावच्या कॅलेंडरात टाकून देऊ. रब्बी ज्वारीचे तसेच करू. त्याची पेरणी पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबर या महिन्यातच व्हायला हवी. फरदड न घेता पऱ्हाटी कधी उपटायची, तीही तारीख टाकू. ती वाजल्यावर तुम्ही फोन बंद करून ठेवाल, हे आम्हाला ठाऊक आहे.

काही तरुण मित्रांनी विचारले, सगळे एका परदेशी कंपनीच्या हाती का द्यायचे? आपला स्वतःचा तलाठी का नको? नेक्स्टक्लाउड नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे. तो आपल्या संगणकावर बसवता येतो आणि फोनवर डेव्हएक्स-फाइव्ह घालून त्याच्याशी मेळ लावता येतो. शंका रास्त आहे. कंपनीची मर्जी फिरू शकते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये गुगलने आउटलुकच्या कॅलेंडरशी मेळ घालणारा आपला प्रोग्राम बंद केला आणि त्यावर विसंबलेल्यांची पळापळ झाली. पण तो स्वतःचा संगणक रात्रंदिवस चालू ठेवणारा, त्याची राखण करणारा माणूस आज आपल्याकडे नाही. बैल नसताना गाडी घेण्यात अर्थ नाही. तोवर एवढे करू. दर महिन्याच्या एक तारखेला अख्खी यादी व्हीसीएफमध्ये आणि कॅलेंडर आयसीएसमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवायचे. या दोन प्रकारच्या फाइली कोणतीही कंपनी, कोणताही फोन वाचू शकतो. आणि वर्षातून एकदा यादी कागदावर छापायची. हसू नका. कार्यालयातली ती लाल कापडी बांधणीची वही आम्ही अजून फेकलेली नाही. ज्या दोनशे नंबरांचे अंक एक्सेलने खाल्ले, त्यांतले साठ त्या वहीत सापडले.

आता कामाचे. बाहेर वऱ्हांड्यात दोन टेबले मांडली आहेत. पहिल्यावर नंबर कुठे साठतात ते बघून दुरुस्त करून मिळेल, दुसऱ्यावर कॅलेंडर लावून मिळेल. पासवर्ड आठवत नसेल तर लाजू नका, पण तो टेबलावरच्या पोराला मोठ्याने सांगूही नका. स्वतःच्या हाताने टाका. चार्जर एकच आहे, तेव्हा ज्यांची बॅटरी कमी आहे त्यांनी आधी जावे. जेवण साडेबाराला आहे, भाकरी आणि झुणका. ज्या गावांनी लागवडीची तारीख लिहून आणली आहे त्यांनी चिठ्ठी आमच्याकडे द्यावी. तारखेखाली गावाचे नाव लिहा, मागच्या वेळी तीन चिठ्ठ्या बिनगावाच्या निघाल्या.